डोमाजीच्या नावावर

डोमाजीचा डावा पाय उपजतच थोडा बाहेर पडायचा. त्याच्या बापाचाही तसाच होता. त्यामुळे डाव्या चपलेची बाहेरची कड आधी झिजायची आणि बायको रुख्मा तोंडाला पदर लावून हसायची. "तुमची एक चप्पल बुढी, एक जवान," म्हणायची.

रुख्माला जाऊन आता चार वर्षं होत आली होती. पहिलटकरीण होती. बाळंतपण अडलं, सुईणीनं हात टेकले, तेव्हा डोमाजीनं तिला बैलगाडीत घातलं आणि बालाघाटचा रस्ता धरला. बिचारीनं बालाघाट कधी पाहिलं नव्हतं. कळा सोसता सोसता म्हणाली, "मोकळी झाली का मले बाजार दाखवजा. लेकराले लाल चपला घेऊ." मिलची चिमणी दिसायला लागली आणि तिचा हात गार पडला. लेकरू पोटातच राहिलं. मुलगा होता की मुलगी, तेही कळलं नाही. सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवून लोकांनी तिला वैनगंगेच्या काठी पुरलं.

त्या दिवसापासून डोमाजीनं बालाघाटात पाऊल टाकलं नाही. तेलमीठ वारासिवनीहून आणायचा. पण पोटाला का कुणाची भीड असते? शेत भावांनी वाटून घेतलं. म्हातारी आई, गोदाबाई, लांजीला लेकीकडे पडून होती. जावयाच्या घरचं खाणं म्हणजे ताटात भात आणि भातावर टोमणा. डोमाजी गेला की ती त्याचं मनगट धरायची. "मले कधी नेशीन रे?" एवढंच विचारायची. शेवटी वैशाखात, मन दगडाचं करून, तो बालाघाटच्या एका राईस मिलच्या दारात जाऊन उभा राहिला. गोदामाला राखणदार पाहिजे होता. राहायला खोली मिळणार होती. खोली मिळाली की आई येणार होती.

मुनीम मोतीलाल यांना माणूस पसंत पडला. पण बाजाराचा एक न्याय होता. ज्याच्या हाती किल्ली द्यायची, त्याची पत आधी दुकानांत विचारायची. नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं, बालाघाट इकडे मध्यप्रदेशात राहिलं, तरी हा न्याय काही बदलला नव्हता.

"उद्या ये," मुनीमजी म्हणाले.

डोमाजी निर्धास्त होता. ज्या गावात चार वर्षं पाणीसुद्धा प्यालो नाही, तिथं आपलं वाईट कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी मुनीमजींनी त्याला बसही म्हटलं नाही. "हिरालालची उधारी थकवून बसला, अन् गोदामाची किल्ली मागतो? शरम वाटत नाही?"

"कोन हिरालाल? मुनीमजी, मी कोनाले वळखत नाही इथं!"

"तो तर तुला चांगला ओळखतो."

हिरालालचं दुकान चौकात होतं. किराणा, कापड, चपला, सगळं एका छताखाली. माणूस शांत होता. डोमाजीनं नाव सांगताच त्यानं हात जोडले.

"आलात का भाऊ! तुमची बाई दरवेळी म्हनते, मालकाच्या नावावर ठेवा, ते येतीन."

"माही बाई?"

"हौ. हिरवं लुगडं. समोरच्या दातात फट हाय. पायले तर लय चिखल-गारा असतो, नदीकडून येते वाट्टे."

डोमाजीनं दुकानाची फळी धरली. रुख्माच्या दातात फट होती.

"काय नेलं तिनं?"

"पयले डिंक नेला, खोबरं नेलं. बाळंतीन दिसे, म्हनून मी नाही म्हटलं नाही. मंग गुटीचं सामान. काजळाची डबी. झबल्याचं कापड नेलं, मंग फ्रॉक. मागल्या उन्हाळ्यात लाल चपला नेल्या. म्हने, आता भाईर हिंडते, पाय पोळतेत." हिरालाल हसला. "पोरगी मोठी लाजरी हाय भाऊ तुमची. त्या खांबाआड उभी राह्यते. नुस्ता हात दिसते."

मुलगी होती.

चार वर्षांत डोमाजीला कुणी ते सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एका वाण्यानं, उधारी मागता मागता. तो रस्त्यात आला आणि लहान लेकरासारखा रडला.

मिलमध्ये जाऊन त्यानं खरं ते सांगून टाकलं. मुनीमजी ऐकून घेईनात. "उधारी बुडवायला लोक बाप मारतात. तू बायको मारली!"

"पगारातून कापून घ्या, मुनीमजी. सगळी फेडतो."

"फेडशील आणि उद्या ती पुन्हा जाऊन आणेल. मग हात कुठं मारशील? माझ्याच पोत्यांत ना? ते नाही चालायचं. बायको हाताबाहेर गेली की माणूस काय करतो? बाजारच्या दिवशी मुनादी देतो, दवंडी पिटवून सांगतो की तिची उधारी माझी नाही. तू दे. नाहीतर किल्ली दुसऱ्याला."

डोमाजीला लांजीची पडवी आठवली. मनगटावरची म्हातारीची बोटं आठवली. मेलेल्याला काय ऐकू येतं, असं त्यानं स्वतःला समजावलं. समजावलं खरं, पण पटलं नाही.

बाजारच्या दिवशी महागू मुनादीवाला डफडं घेऊन चौकात उभा राहिला. भर दुपार होती. डांबर पाघळून चपलांना चिकटत होतं.

"सुनो भाई, ऐका हो! आजपासून डोमाजीच्या नावावर कोन्या बाईले उधार देऊ नोका! ते बाई त्याची कोनी नाही! देईन त्याचं बुडीन!"

महागूनं डफडं थांबवलं. "बोला डोमाजी. तुमची कोनी नाही?"

बाजारात हिरव्या लुगड्याच्या बाया काय कमी असतात? डोमाजीनं मान वर केलीच नाही.

"नाही," तो म्हणाला. "माही कोनी नाही."

किल्ली मिळाली. खोली मिळाली. गोदाबाई आली, चुलीपुढे बसली, पोटभर जेवली आणि लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. डोमाजीनं आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

एका दुपारी हिरालालचा निरोप आला. लवकर या.

फळीवर एक गाठोडं होतं.

"मी घडीभर आत गेलतो," हिरालाल म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "भाईर आलो तं हे ठेवलेलं. सगळं वापस देल्लं तिनं. पन भाऊ, वापरलेला माल मी काय करू?"

डोमाजीनं गाठ सोडली.

काजळाची डबी. आत तळापर्यंत बोट फिरलेलं.

झबलं, धुऊन घडी केलेलं.

फ्रॉक. कडेला फाटला होता, तिथं ठिगळ लावलं होतं. ठिगळ हिरव्या लुगड्याचं होतं.

सगळ्यात खाली लाल चपला. त्यानं त्या उलट्या केल्या. उजवी जवान होती. डावी बाहेरच्या कडेनं पार झिजली होती.

"पोरीच्या पायात दुसरं काही हाय का?" त्यानं विचारलं.

हिरालालनं रस्त्याकडे पाहिलं.

चपला छातीशी धरून डोमाजी पायरीवर आला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन रणरणत होतं. पाघळलेल्या डांबरात, दुकानाच्या खांबापासून नदीच्या बाजूला, लहान पावलं उमटत गेली होती. अनवाणी. डावं थोडं बाहेर पडलेलं.

नुसत्या बोटांचे ठसे होते. चटक्यानं टाच कुठंच टेकली नव्हती.