शहामृगाच्या कुंपणात

“हलू नका.”

मी रंगाचा डबा धरून जागीच थबकले. पक्षी-उद्यानातल्या पाट्या रंगवायचं काम मला मिळालं होतं आणि मी मोठ्या ऐटीत भलत्याच फाटकातून आत शिरले होते.

“समोर काय दिसतंय?” मागून तोच आवाज... हळू, जरासा हसरा.

“मातीचा ढिगारा.”

“त्या ढिगाऱ्याला डोळे आहेत.”

खरंच होते. शहामृगाची मादी मान जमिनीलगत लांबवून अंड्यांवर बसली होती. मी वळले. मागे उद्यानाचे डॉक्टर उभे होते, भुरभुर पावसात भिजलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

“मला वाटायचं, शहामृगं वाळूत डोकं खुपसतात.”

“उगाच बदनामी. उडता येत नाही म्हणून भित्री नाहीत हो ती. आधी लपतात, मग पळतात – घोडा मागे पडेल अशी. आणि अगदी अडकलीच, तर एक लाथ... सिंहसुद्धा विचार करतो.”

घरच्या लेकरांचं कौतुक सांगावं तसं सांगत होते. ऐकता ऐकता मी त्यांच्याकडेच बघत राहिले. त्यानंतर माझ्या पाट्या फारच सावकाश होऊ लागल्या. आई म्हणालीसुद्धा, “एवढ्यात अख्खं गाव रंगवून झालं असतं गं.”

अंडी फुटली, पिल्लं दुडदुडू लागली. एका दुपारी मी त्याच कुंपणात पाट्यांवर शेवटचा हात फिरवत होते, तेवढ्यात कुंपणाखालून एक भटकं कुत्रं घुसलं. मादीने पिल्लांना पंखाखाली ओढलं. नराचा मात्र एक पंख लुळा पडला. तो लंगडला, कोलमडला, पुन्हा उठला... कुत्रं पिल्लांना सोडून त्याच्यामागे लागलं. पार टोकाला गेल्यावर तो ताठ झाला आणि वाऱ्यासारखा सुटला. सगळं सोंग होतं!

चुकलेलं एक पिल्लू मी ओढणीत घेतलं, तोच कुत्रं माझ्याकडे वळलं. तेवढ्यात डॉक्टरांनी कुंपणावरून उडी मारली आणि आरडाओरडा करत, लंगडत, उलट्या दिशेला धावले. त्यांनी फाटक ढकलून उघडलं आणि कुत्रं त्यांच्यामागून बाहेर गेलं. डॉक्टर चपळाईने आत वळले आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.

परत आले तेव्हाही लंगडतच होते.

“आता पुरे की नाटक.”

“पहिली दोन पावलं नाटक होतं,” ते कण्हत बाकावर बसले. “पुढे पाय खरंच मुरगळला.”

मी ओढणीतलं पिल्लू त्याच्या आईकडे सोडलं आणि ती ओढणी त्यांच्या घोट्याला गुंडाळू लागले.

“तुम्ही मला फार आवडता,” ते एकदम म्हणाले. “सांगायचं रोज ठरवायचो, आणि रोज... शहामृगांबद्दलच बोलायचो.”

मी गाठ मारली. मारून झाली तरी हात तिथेच राहिला.

“वेडा आहेस तू,” मी म्हणाले.

त्या ‘तू’वर त्याने चमकून वर पाहिलं. मी नजर वळवली नाही. त्याला उठायला म्हणून मी खांदा पुढे केला... आणि त्याने तो अगदी सावकाश, जपून धरला.