मुठीतली पिन

"पोरी, स्टोअरमधून चौकड्यांच्या रंगाचा एक डबा घेऊन ये बघू," कारखान्यातल्या माझ्या पहिल्याच सकाळी फोरमन क्लिफ म्हणाले. चेहरा इतका गंभीर, की मी निमूट निघाले. बाहेर इंग्लंडातल्या आमच्या किथली गावचा नेहमीचा भुरभुर पाऊस, आत सगळे मान खाली घालून कामात. मला मेलीला शंकासुद्धा आली नाही!

स्टोअरच्या खिडकीपाशी तांबूस केसांचा एक उंच मुलगा उभा होता. मी आत वाकून म्हटलं, "चौकड्यांचा रंग हवाय. लाल-हिरवा."

खिडकीआडचे आजोबा खोकल्याचं निमित्त करून आत पळाले. तो मुलगा मात्र माझ्याकडे बघत राहिला. डोळे असे मिश्कील...

"नवीन ना?"

"हो. टॅम्झिन."

"टॅम्झिन, एकाच डब्यात आडव्या रेषा न् उभ्या रेषा... दोन्ही कशा मावतील गं?"

माझे कान तापले. "अगंबाई! आता परत कुठल्या तोंडानं जाऊ?"

"थांब." त्यानं पाठीवरच्या पिशवीतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. वर लाल-हिरव्या चौकड्या! "स्कॉटलंडहून आजी पाठवते. दे नेऊन क्लिफना. म्हणावं, हा रंग पोटातून लावायचा असतो."

मी अगदी तस्संच सांगितलं. त्या दिवशी हशा पिकला तो क्लिफवर. बिस्किटं मात्र त्यांनीच जास्त मटकावली.

तर असा मला ॲलिस्टर, म्हणजे ॲली, भेटला. तोही माझ्यासारखाच शिकाऊ, फक्त एक वर्ष पुढे. चार दिवस कारखाना, बुधवारी ब्रॅडफर्डला विद्यापीठ. फी कारखाना भरणार, वर पगार देणार. माझी थोरली बहीण ज्युडिथ पदवी घेऊन बसलीय, पण कर्जाचं नाव काढलं की अजून कपाळाला हात लावते. मला तसं नको होतं. मला इंजिनीयर व्हायचं होतं, आणि झाल्यावर डोक्यावर कर्ज नको होतं. अट एकच — वर्षाअखेरी स्वतःच्या हातानं केलेली पोलादी पिन, म्हणजे एक गुळगुळीत गोल दांडी, तपासणीत पास व्हायला हवी. पहिली चुकली तर आणखी एक संधी. तीही गेली तर विद्यापीठ बंद.

बुधवारची बस म्हणजे आमची चैन. तो मला गणितं समजावायचा आणि मी मुद्दाम हळू समजून घ्यायचे.

"हे मागच्या बुधवारी समजलं होतं की तुला!"

"विसरले. तू नीट शिकवत नाहीस."

"मी नीट शिकवतो. तू वहीकडे बघतच नाहीस."

"मग कुठे बघते?"

यावर स्वारी खिडकीबाहेर बघायला लागायची. मान पार लाल!

मे महिन्यात माझी पिन होत आली. मुठीत मावेल एवढी, आरशासारखी लखलखीत. तपासणीच्या कड्यातून ती अलगद सरकायला हवी. ना घट्ट, ना सैल. शेवटचं घासणं तेवढं राहिलं होतं. चहाच्या सुट्टीत ॲली माझ्या टेबलाशी आला.

"शनिवारी तू..." तो थांबला. "म्हणजे... शनिवारी पाऊस नाही म्हणे."

"बरं."

"नदीकाठी आता... बदकांची पिल्लं आलीत."

"बरं..."

विचार ना रे बाबा! हातातली पिन मी घट्ट आवळून धरली होती. तो बदकांवरून हवेवर, हवेवरून क्रिकेटवर गेला. शेवटी घंटा झाली आणि तो निघून गेला. मी चिडून पिन मोजली. अजून जराशी जाड! घासली, मोजली. आता बरोब्बर. दिली तपासणीला.

तपासणीच्या खोलीत मिसेस नटल यांचं राज्य. ती खोली बारा महिने एकाच तापमानावर, दार सताड उघडं राहिलं की बाई वाघिणीसारख्या यायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी पिन कड्यात घातली. ती खुळखुळली... चक्क खुळखुळली.

"नापास. काल मोजण्याआधी हातात धरली होतीस का गं?"

"हो... सुट्टीभर."

"मुठीच्या उबेनं पोलाद फुगतं, हे ठाऊक नाही? फुगलेली पिन घासलीस, ती रात्री गार होऊन आक्रसली. एवढा वेळ कशाला धरलीस?"

"तो... बोलत होता."

बाई हसल्या. मला मात्र रडू फुटलं.

बाहेर ॲली उभाच होता. "काय झालं?"

"तुझी बदकं झाली! दुसरी पिन होईपर्यंत माझ्या आसपास फिरकलास तर बघ!"

बिचारा खरंच फिरकला नाही. बसमध्येसुद्धा मागे जाऊन बसला. माझ्या शेजारची जागा रिकामी, गणित डोक्यात शिरेना. पण मी दुसरी पिन केली. मोजण्याआधी थंड लोखंडी पाटावर ठेवायची आणि हात मागे बांधून वाट बघायची. बाई गं, काय ते वाट बघणं! लांब कोपऱ्यात ॲलीसुद्धा हात मागे बांधून उभा राहायचा. क्लिफ म्हणाले, "दोघांना शिक्षा झालीय की काय?"

तपासणीच्या दिवशी मला काही बघवेना. मिसेस नटलनी पिन कड्यावर टेकवली आणि सोडली. ती आपल्या वजनानं, सावकाश, एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूला आली.

"पास. जा, शीक पुढे."

मी वळले तर ॲली दारात. आत येऊ की नको, अशा बेतात.

"पास?"

"पास!"

"तर मग... त्या दिवशीचं सांगू?" त्यानं दाराची चौकट धरली. "तुझा हात हातात घ्यायचा होता गं. पण तू मूठच उघडेनास. म्हटलं, उघडेपर्यंत बोलत राहावं..."

अरे देवा! मी मूठ आवळून त्याच्या बोलण्याची वाट बघतेय, आणि हा बोलत राहून मूठ उघडण्याची! आणि मधल्या मध्ये फुगली माझी पिन.

मी दोन्ही हात पुढे केले. उघडे, रिकामे. "घे. आता यांच्यात मोजायचं काही नाही."

त्यानं हात धरले. माझे गार होते, त्याचे गरम. कितीतरी वेळ आम्ही तसेच, दारातच...

"अहो!" आतून मिसेस नटल ओरडल्या. "दार लावा आधी! माझी खोली तापतेय!"