एक माणूस कमी

त्यानं माझी बेल वाजवली ती चुकून. जायचं होतं त्याला समोरच्या घरी. पण अंगावर इमारतीची देखभाल करणाऱ्या कंपनीचा गणवेश, हातात तापमान मोजायची पेटी... मी शाल सावरत म्हटलं, "बरं झालं आलात! घरात नुसता गारठा आहे."

"गारठा? अहो, कमी विजेत ऊबदार राहणारी इमारत आहे ही!" मोजणीवाल्याचा चेहरा असा पडला, की जणू मी त्याच्या पोरीला नावं ठेवली.

त्यानं खिडक्यांच्या कडेनं तळहात फिरवला, फट सापडेना. भिंतीवर तापमान टिपणारी डबी लावून गेला. पुढच्या मंगळवारी आला तो विचारतच, "घरात माणसं किती?"

"आता एकच. बाबा गेले मार्चमध्ये."

तो हळूच म्हणाला, "तेच... या भिंती माणसाची ऊबसुद्धा धरून ठेवतात. तुमच्या घराच्या हीटरचं गणित दोघांवर मांडलंय. एक माणूस कमी पडतंय."

"मग दुसरं कुठून आणू? तुमच्या गोदामात मिळतं?"

तो कानापर्यंत लाल झाला. आणि मला मेलीला हसू आवरेना — बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

मग दर मंगळवारी मला थंडी वाजू लागली! तो यायचा, चहा घ्यायचा, आपल्या हातानं अशी अख्खी वसाहत उभारायची स्वप्नं सांगायचा आणि हीटरला हात न लावता जायचा. एकदा त्यानं डबीतला आलेख दाखवला. सरळ रेघेवर दर मंगळवारी छोटासा उंचवटा.

"हे काय?"

"हा... मी."

नवव्या मंगळवारी मात्र तो बसलाच नाही. तशी वसाहत उभारायचं काम त्याला मिळालं होतं, दूरच्या शहरात. जाण्याआधी माझा हीटर बेतून द्यायचा होता. त्यानं फॉर्म काढला.

"माणसं... किती लिहू?" पेन कागदावर टेकलेलं. "तू दोन म्हणालीस, तर मी जात नाही."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. माझ्या मनात दोनच होतं, अगदी ओठांवर आलं. पण वसाहतीबद्दल बोलताना त्याचे डोळे कसे चमकायचे, ते मी आठ मंगळवार पाहिलं होतं.

"एक लिहा," मी म्हटलं. "खरं तेच लिहावं."

त्यानं लिहिलं. हीटर एका माणसाच्या बेतानं लावला. दारात थबकून म्हणाला, "शाल घेत जा." दार लागल्यावर मी पोटभर रडले.

आता घर बरोबर बावीस अंशांवर असतं. मंगळवारीसुद्धा. काम इतकं चोख केलंय मेल्यानं, की तक्रार करायला जागाच ठेवली नाही.