हलका गिअर

उज्जैनमध्ये गिअरची सायकल कशाला, असं दुकानदारानंही विचारलं होतं. शहर आमचं पोळपाटासारखं सपाट. पण देवास रस्त्याच्या पुढे एक टेकडी आहे. कॉलेजात असताना त्या टेकडीवर न उतरता सायकल नेणारी एकच मुलगी होती आणि तिच्याशीच माझं लग्न झालं. गेल्या वर्षी न्यूमोनियानं अलकाची छाती पार थकवली. दुसऱ्या मजल्यावरच्या घरी येताना ती जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायची. एकदाच ती टेकडी चढायची, हा तिचा हट्ट होता आणि मला तो पुरवायचाच होता.

गिअर मी निवडले. पुढे लहान चक्र, मागे बशीएवढं मोठं. पाय भराभर फिरतात, सायकल रांगते, पण छातीवर ताण येत नाही. "चढ लागायच्या आधीच हलका कर," असं बजावून बजावून मी तिचं डोकं खाल्लं.

थंडीतली सकाळ होती. टेकडीच्या पायथ्याशी माणिकभाईच्या टपरीवर चहा घेतला. तो अलकाला म्हणाला, "भाभीजी, चढ़ाई पे पीछे से हाथ लगे तो डरना मत. ऊपर पहुँचके 'बस' बोल देना, छोड़ देता है. हम सब बोलते हैं."

म्हाताऱ्याची मस्करी, असं म्हणून आम्ही हसलो.

चढावर मी माझ्या जुन्या सायकलवर मागे पडलो आणि अलका झपाझप पुढे गेली. आधी कौतुक वाटलं, मग तिच्या चेनकडे लक्ष गेलं. चेन मागच्या सगळ्यात लहान चक्रावर होती. त्या जड गिअरवर तो चढ एखाद्या पहिलवानालाही जमला नसता.

"अहो, ढकलू नका ना," ती मागे न बघता म्हणाली. "पडेन मी…"

मी तिच्यापासून बराच मागे होतो. रस्ता कोरडा होता, तरी ओल्या मातीचा वास येत होता.

माथ्यावर तिला जराही धाप लागलेली नव्हती. मी म्हटलं, "अलका, बस म्हण."

"कशाला? छान चाललंय की!"

इतकी खूश ती वर्षभरात दिसली नव्हती. मग मीही आग्रह सोडला.

घरी जिन्यात ती कुठेच थांबली नाही. आमचं दार आलं, तरी ती वर जात राहिली.

"अगं, कुठे निघालीस?"

"अहो… मी चढत नाहीये…" गच्चीच्या जिन्यातून तिचा बारीक आवाज आला. "बस… बस म्हणतेय मी… ऐकत नाही…"

गच्चीच्या कठड्याशी तिला कवटाळून मी खाली बसलो, म्हणून ती वाचली.

आता आम्ही नानाखेड्याला तळमजल्यावर राहतो. सायकल विकून टाकली. अलका ठणठणीत आहे. फक्त मागे कुणाला जागा राहू नये म्हणून ती सदा भिंतीला पाठ लावून बसते. आज सकाळी ती भिंतीपासून उठून गेल्यावर मी सहज तिथे पाहिलं. तिची पाठ जिथे टेकते, नेमकं तिथलंच प्लास्टर फुगून खोलीत आलंय.