बायनाबाईचं भिंग

मोबाईल ठेव बे खिशात. भुताचं न्हाई सांगत, शहादेवचं सांगतो. आपल्या दूध सोसायटीत माप घालायचा तो. खोटं वाटलं तर खुशाल उठून जा.

सोळा साल. पौषातली आवस, सोमवार. शहादेव डोळ्याचं औषध आणायला केजला गेलता, शेजारच्या बायनाबाईसाठी. दिवाळीनंतर सोसायटीच्या शिबिरात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यात भिंग बसवलं. पोरगा-सून कर्नाटकात ऊसतोडीला. तिकडंच पाचटाच्या कोपीत नातू झाला. म्हातारीला त्याचं तोंड बघायचं व्हतं, बस.

डॉक्टरनं थेंब सांगितले दिवसाला सहा वेळा. पण दुष्काळात आपली खोडच पडलेली... पाणी पुरवून, पेंड पुरवून. शहादेव म्हणला, "काकू, दोनदाच घालू. लई दिवस जाईल." डोळा लालच ऱ्हायला. अडीच महिने ठणकत व्हता, गळत व्हता. बिचारीला दारातलं माणूस वळखू येईना.

त्या दिवशी डॉक्टरनं शहादेवला लई झापलं. "सूज उतरणार कशी? औषध बाटलीतच ठेवलंय तुम्ही!"

माघारी जीपनं फाट्यावर सोडलं तवा साडेनऊ झालते. पायीच निघाला. वढ्याच्या पुलावर बायनाबाई बसलेली.

"काकू, इथं कावून बसलीस?"

"आणलंस?"

"आणलं की."

"घाल मग."

तिनं तोंड वर केलं. यानं थेंब टाकला.

"आजून."

टाकला.

"आजून... पुरवू नको रे आता."

शहादेवला रडू फुटलं. "चुकलं माझं, काकू." थेंब टाकतच गेला... बाटली सरली. उठवावं म्हणून हात धराय गेला...

पुलावर कुणी न्हाई.

पळतच घर गाठलं. तिच्या दारात माणसं. म्हातारी दिवस मावळतानाच गेलती.

पोरगा बायको-लेकरू घेऊन तिसऱ्या दिवशी पोचला, राख सावडायला. नातवाचं तोंड न बघताच गेली रे ती.

राखंत शहादेवला ते भिंग घावलं. मसुराएवढं, पलास्टिकचं. हाडं जळली... ते न्हाई. खडखडीत कोरडं.

म्हातारीच्या घरी आला. सुनेच्या मांडीवर लेकरू. शहादेवनं काय करावं? भिंग तळहातावर घेतलं... लेकराच्या तोंडाम्होरं धरलं.

मी तिथंच व्हतो उंबऱ्यात.

भिंग ओलं झालं. शहादेवनं पुसलं...

परत ओलं.