कोरड्या तळ्यातले चक्रवाक

कोजागिरी झाली की शाळा सुटल्यावर गंगासागर थेट घरी जात नसे. गावाबाहेरच्या तलावाच्या भरावावर चढून दुर्बीण डोळ्यांना लावायची. परळीच्या वीज केंद्राची राख आसपासच्या बाभळींवर कायमची बसलेली. त्या राखाडी रंगावर उत्तरेकडून केशरी चक्रवाकांची जोडपी उतरायची, तेव्हा दिवसभर पोरांवर ओरडून बसलेला तिचा घसाही सुटल्यासारखा व्हायचा. ती शाळेत विज्ञान शिकवायची. पाखरं हिमालय ओलांडून कशी येतात, हे सांगताना तिला पुस्तक लागत नसे.

त्या वर्षी तलाव ठणठणीत कोरडा होता. लागोपाठ दुसरा पावसाळा फसला होता. परळीची धुराडीही पाण्यावाचून थंडावली होती. तळाशी उरलेल्या ओलीवर गावच्या दूध संस्थेनं कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, पेरलं होतं. संस्थेचे चेअरमन ईश्वरप्पा हे गंगासागरचे थोरले दीर. गावातलं एकही जनावर चारा छावणीला जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

पाखरं येणार नाहीत असं धरूनच ती भरावावर गेली होती. चक्रवाक आले.

त्यात नवल नव्हतं. चक्रवाक जमिनीवरही चरतात. पण उतरताना त्यांनी पाय पुढे ताणले, पाण्यावर घसरत थांबतात तसे. मग ते बसले आणि सगळे मिळून एका बाजूला सरकू लागले. पाय न हलवता, वाऱ्याबरोबर. ऊन कललंय, नजर फसत असेल, असं म्हणून तिनं दुर्बीण पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी थापट्या बदकं आली, लालसऱ्या आल्या. लालसरी हे पाण्यात बुडी मारून खाणारं बदक, कोरड्या जमिनीकडे ते फिरकतसुद्धा नाही. सगळी पाखरं कडवळाच्या शेंड्यांवर बसली होती आणि एकही ताट वाकलेलं नव्हतं. एका लालसरीनं डोकं खाली घातलं आणि बुडी मारली. गंगासागरला ती खाली जाताना स्पष्ट दिसली. हिरव्या ताटांमधून, पंख मिटून, पायांनी मागे रेटा देत. तळाशी चोच खुपसून ती पुन्हा वर आली. तिनं अंग झाडलं.

गंगासागरनं दुर्बीण पुसून पुन्हा डोळ्यांना लावली.

रात्री जेवताना तिनं नवऱ्याला, मल्लिनाथला सांगितलं. तो हसला नाही.

त्यानंतर पाखरं रोज थोडी उंच बसत गेली. शेंड्यांच्या वर. मग माणसाच्या डोक्याच्या वर. खाली वैरण कापणाऱ्या बायका संध्याकाळी वर आल्या की भरावावर बसून राहायच्या.

"बाई, खाली गेलं की कानात दडे बसत्यात," छबुबाई तिला म्हणाली. "शेजारचीचं बोलणं लई लांबून आल्यावानी वाटतंय. आन शेरडं तर उतरतच न्हाईत."

गंगासागर तशीच दिराकडे गेली.

"अप्पा, बायकांना तळ्यात पाठवू नका."

"कावून?"

"पाखरं त्यांच्या डोक्यावर पोहतात, अप्पा."

"पाखरं पवंनात का तिकडं. म्हशींनी काय वारा खावा?"

ती हट्टानं त्यांना भरावावर घेऊन आली. दुर्बीण हातात दिली. ईश्वरप्पा बराच वेळ बघत राहिले. खाली बायका विळे चालवत होत्या आणि त्यांच्या डोक्यावर चक्रवाकांची पोटं, त्याखाली संथ हलणारे पाय. वारा पडलेला होता, तरी कडवळ सगळं एकाच लयीत डुलत होतं. अप्पांनी दुर्बीण परत केली.

"उद्यापासून नगं," ते म्हणाले. "आजचं तेवढं कापून हू दे."

तेवढ्यात सगळे चक्रवाक एकदम ओरडले आणि वर उचलले गेले. ते उडाले नाहीत. बसल्या जागी उचलले गेले, भरून आलेल्या लाटेवर उचलले जावेत तसे.

"वर या!" गंगासागर किंचाळली. "समद्या वर या!"

छबुबाईनं वर पाहिलं. हातातला भारा टाकून ती पळाली. तिच्यामागे बाकीच्या. बायनाबाई तेवढी पार खोलगटात, जुन्या ओढ्याच्या पात्रात होती. तिला ऐकूच गेलं नाही.

गंगासागर भरावाच्या दगडांवरून खाली उतरली.

गुडघ्यापर्यंत काही जाणवलं नाही. कमरेशी गारवा लागला. मग आवाज बंद झाला. अप्पांच्या हाका, बायकांचा कालवा, सगळं. मानेवर कसलासा स्पर्श झाला म्हणून तिनं हात लावला. तिची वेणी वर तरंगत होती.

श्वास घ्यायचा नाही, एवढंच तिला सुचलं.

समोर बायनाबाई उभी होती. पदर तिच्या डोक्यावर सरळ उभा राहून हळूहळू फिरत होता. डोळे उघडे. तोंड उघडं.

गंगासागरनं तिचा दंड धरला आणि ओढलं. बाई वजनाला काहीच नव्हती. काठाशी आल्यावर मात्र ती एकदम जड झाली, इतकी की दोघी दगडांवर कोसळल्या.

गंगासागरच्या अंगावरची साडी कोरडी होती.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बायनाबाईची छाती दाबली. तोंडातून पाणी आलं. स्वच्छ, गार, पुष्कळ. फरशीवरून दारापर्यंत गेलं.

"कुठल्या विहिरीत पडली?" त्यांनी विचारलं.

पंचक्रोशीत पाणी असलेली विहीर नव्हती.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर कुणी फिरकलं नाही. अप्पांनी भरावावर काटेरी फांद्या टाकून वाट बंद करून घेतली. बायनाबाईच्या मातीला जाऊन आले आणि पडून राहिले. गंगासागरनं दुर्बीण ट्रंकेत टाकली.

तिसऱ्या दिवशी पहाट उलटून गेल्यावर तिला जाग आली ती पाखराच्या आवाजानं. जवळचा आवाज. माडीवरच्या खोलीत ती एकटीच होती. तिनं खिडकी उघडली.

गजांपासून हातभर अंतरावर एक चक्रवाक होता. पंख मिटलेले. तो सावकाश खिडकीपुढून सरकत गेला, त्याच्यामागे त्याची जोडीदारीण.

तिनं खाली अंगणात पाहिलं. मल्लिनाथ बादली घेऊन धार काढायला बसला होता. म्हैस खुंट्याला बांधलेली होती आणि नदी पोहून ओलांडताना म्हशी धरतात तसं नाक आभाळाकडे धरून, मान ताणून उभी होती.