नामगुंगांच्या मंडपातली खोली

जुन्या इमारती मोजून त्यांचे नकाशे काढणं हे माझं सोळा वर्षांचं काम. ऑक्टोबरात योंगयांगच्या डोंगरात नामगुंग घराण्याचा मंडप मोजायला गेले, तेव्हा घरातले वडीलधारे प्योंग-हो आजोबा पायरीवर बसून सुकवायची पर्सिमनची फळं सोलत होते.

मंडप तसा साधाच. ओढ्याकाठच्या कातळावर बारा खांब, वर कौलं, चहूबाजूंनी उघडी लाकडी जमीन आणि बरोबर मध्ये एक खोली. खोलीच्या चारही अंगांना कागदी दारं. ती उचलून वरच्या लोखंडी आकड्यांना अडकवली की खोली उरतच नाही, नुसतं छप्पर. राजाशी बिनसल्यावर घराण्याचा मूळपुरुष राजधानी सोडून इथे आला आणि हा राजा जाईपर्यंत बाहेर पाऊल टाकणार नाही म्हणून या खोलीत बसला, असं आजोबांनी सांगितलं. वंशावळीत त्याच्या जन्माचं साल आहे, मृत्यूचं नाही. घराण्याची सभा दरवर्षी इथेच भरते, पण सगळे बाहेरच्या लाकडी जमिनीवर बसतात.

"आत जाऊन मोजू ना?"

"मोज की. लवकर आटप म्हणजे झालं."

दारं सगळी वर अडकवलेली होती. टेप टेकवायला मी गुडघ्यांवर बसले. दोन मीटर बेचाळीस. आकडा लिहिला, मान वर केली, तर चारही दारं बंद.

आवाज मुळीच झाला नव्हता. कागदातून दुपारचं ऊन पिवळं होऊन येत होतं. तेल पाजलेल्या कागदाचा आणि जुन्या धुराचा वास होता. मी समोरचं दार ढकललं. भिंत ढकलल्यासारखं वाटलं. उरलेली तिन्हीही तशीच.

"आजोबा, दारं कुणी पाडली?"

"वरच आहेत की." आवाज चार हातांवरून आला. सोलण्याची खसखस थांबली. "मला तू दिसतेस. बसलीयेस."

मी उभी होते.

हातांना काहीतरी काम हवं म्हणून पुन्हा टेप लावला. दोन मीटर दहा.

मी त्यांना आत बोलावलं. ते नाही म्हणाले. त्यांचा थोरला भाऊ दारांचे कागद बदलायला आत गेला होता, त्याला काढायला वडील गेले; दोघंही परत आले नाहीत. तेव्हापासून घरातलं कुणी आत जात नाही. हे फक्त घरच्यांनाच होतं असं वाटलं होतं, असंही ते म्हणाले, जरा ओशाळून.

"फळं उतरवायची काठी आत सरकवतोय. डोळे मीट नि माझ्या आवाजाकडे चाल. काठी लागली की धर."

मी डोळे मिटले. हात पुढे केले. कागद लागला नाही, काठीही लागली नाही. मी पावलं मोजत राहिले. बत्तिसाव्याला तळव्याखाली गार दगड आला.

डोळे उघडले. मी पायरीवर, आजोबांच्या शेजारी. दारं वर आकड्यांना. खोली रिकामी.

"आले," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली नाही. दोन्ही हातांनी काठी धरून ते खोलीत पाहत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना तो लागला नाही.

मग काठीचं आतलं टोक जरासं खाली वाकलं.

"हं, धरलीस," ते म्हणाले. "ये आता. सावकाश."

आणि ते काठी बाहेर ओढू लागले.